टर्नस्टाइल अँटेनासाठी ९० अंशांचा केबल-तुकडा: कलांतर नेमके कुठे आणि कसे मोजावे?

पंचगंगाकाठ

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्ही पद्धतीची (रेडिओवरून ओळीओळीने सावकाश येणारी स्थिर) चित्रे प्रसारित केली जातात. पीडी-१२० प्रकारातील एक चित्र पूर्ण व्हायला दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात संदेश एकदा जरी खोल गेला तरी चित्राच्या मधोमध मुंग्यांचा जाड पट्टा उमटतो. राजारामपुरीतील आमच्या गच्चीवर आतापर्यंत एकच उभा डायपोल (मध्यावर जोडणी दिलेला, दोन सरळ बाहूंचा साधा अँटेना) होता. स्थानक पन्हाळ्याच्या बाजूला क्षितिजाजवळ असेपर्यंत तो बरा चाले. पण ते माथ्यावर आले की, म्हणजे अंतर सर्वांत कमी असताना, नेमका संदेश ढासळे. कारण उघड आहे. डायपोलला स्वतःच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत टर्नस्टाइल अँटेना बांधायला घेतला.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन आडवे डायपोल अधिक चिन्हासारखे एकमेकांना काटकोनात बसवायचे, पहिल्याला थेट जोडणी द्यायची आणि दुसऱ्याला ७५ ओहमच्या केबलच्या पाव तरंगलांबीच्या तुकड्यातून द्यायची, म्हणजे दुसऱ्यातील प्रवाह पहिल्याच्या ९० अंश मागे राहतो (हेच कलांतर, म्हणजे फेजमधील फरक) आणि माथ्याच्या दिशेला वर्तुळाकार ध्रुवीकरण मिळते, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा गोल फिरत राहते. मग समोरची लहर कोणत्याही कोनात झुकलेली असली तरी संदेशाची पातळी एकसारखी राहायला हवी.

ती तशी राहते का, हे तपासण्यासाठी मी अँटेना आडवा करून त्याचा माथा गच्चीच्या लांबीकडे वळवला, पाच मीटर अंतरावर लाकडी दांड्यावर एक छोटा डायपोल लावला, नॅनोव्हीएनएचे (केबल-अँटेना तपासायच्या छोट्या मापन यंत्राचे) एक तोंड त्याला आणि दुसरे अँटेनाला जोडले आणि दांडा स्वतःभोवती हळूहळू पूर्ण फिरवला. ध्रुवीकरण खरोखर गोल असते तर पातळी हललीच नसती. माझ्याकडे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पातळीत आठ डेसिबलला जेमतेम कमी एवढा फरक निघाला, म्हणजे गोल तर नाहीच, चांगलीच चपटी लंबगोल भाकरी झाली आहे.

केबलचा तुकडा मी असा कापला: आरजी-६ या ७५ ओहमच्या डिश-टीव्हीच्या केबलचे एक टोक नॅनोव्हीएनएच्या पहिल्या तोंडाला, दुसरे टोक उघडे; पडद्यावर एस-११ची फेज लावली आणि १४५.८ मेगाहर्ट्झवरील खूण उणे ९० अंश दाखवेपर्यंत थोडे थोडे कापत गेलो. शेवटी तुकडा २६ सेंटीमीटरच्या आसपास उरला. कागदावरच्या हिशेबाने तो ४२ सेंटीमीटर यायला हवा होता. केबलच निकृष्ट असेल असे समजून दुसऱ्या दुकानातून नवी आणली, तिचेही तेच झाले. दोन वेगवेगळ्या केबली एकाच तऱ्हेने निकृष्ट असतील, हे आता मलाही पटत नाही. चूक कुठे आहे?

प्रयोगवही

चूक केबलीत नाही आणि यंत्रातही नाही. पन्हाळ्याच्या तटावरून समोरच्या कड्याकडे हाक मारली तर प्रतिध्वनीला कड्यापर्यंत जाऊन परत यावे लागते. कडा किती दूर आहे हे काढायचे तर ऐकू आलेल्या वेळेचे अर्धे करावे लागते. एस-११ हा प्रतिध्वनी आहे. लहर केबलमधून उघड्या टोकापर्यंत जाते, तिथून परावर्तित होऊन परत येते आणि दोन्ही खेपांची कला एकत्र मोजली जाते. केबलही यंत्रासारखीच ५० ओहमची असती तर पडद्यावर उणे ९० अंश दिसताना तुकडा ४५ अंशांचा असता; ती ७५ ओहमची असल्याने तुमचा तुकडा ५६ अंशांच्या आसपास होता. ९० अंशांच्या तुकड्यासाठी तिथे १८० अंश दिसायला हवेत. म्हणजेच उघड्या टोकाची केबल यंत्राला त्या वारंवारतेवर शॉर्ट झाल्यासारखी भासली पाहिजे आणि स्मिथ तक्त्यावरची खूण अगदी डाव्या टोकाला गेली पाहिजे.

तुमच्या गच्चीवरील मोजमापाचे मात्र मला कौतुक वाटते. दोन सारख्या तीव्रतेच्या प्रवाहांमध्ये ४५ अंशांचे अंतर असेल तर लंबगोलाच्या दोन अक्षांचे गुणोत्तर २.४१ येते, म्हणजे ७.७ डेसिबल. तुम्हाला तेवढेच मिळाले आहे, म्हणजे प्रवाहांमधील अंतर ९० अंशांहून बरेच कमी पडत होते. तुमची दांडा फिरवण्याची पद्धत विश्वासार्ह आहे, ती पुढेही वापरा.

दुसरा मार्ग सरळ आरपार मोजण्याचा. केबलची दोन्ही टोके यंत्राच्या दोन तोंडांना जोडून एस-२१ची फेज पाहिली तर ती एकाच खेपेची असते. त्यात एक काळजी घ्यावी लागते: केबलला जोडण्यासाठी तुम्ही एसएमए कनेक्टरच्या ज्या छोट्या केबल-शेपट्या वापराल, त्या दोन शेपट्या आधी एकमेकींना थेट जोडून आरपार कॅलिब्रेशन करावे, म्हणजे यंत्राचे शून्य तिथे ठरवावे. तसे केले नाही तर शेपट्यांची लांबीही तुमच्या ९० अंशांत धरली जाईल. या वारंवारतेवर उघड्या तारेचा एक सेंटीमीटरसुद्धा पावणेदोन अंश खातो.

उद्यमनगरी

सरांनी सांगितले ते खरेच आहे, पण माझा अनुभव असा की एवढ्या छोट्या तुकड्यावर थेट मोजत बसण्यापेक्षा आधी केबलचा वेग गुणक (केबलमधील लहरीचा वेग मोकळ्या हवेतील वेगाच्या किती पट ते) काढावा आणि मग पट्टी लावून एकदाच कापावे. छोट्या तुकड्यात सोललेले टोक, कनेक्टर, शेपटी या सगळ्यांचा वाटा मोठा होतो. लांब तुकड्यात तो नगण्य राहतो.

पाच मीटर केबल मोजून घ्या, दुसरे टोक उघडे ठेवा आणि ज्या सर्वांत खालच्या वारंवारतेवर ती शॉर्टसारखी दिसते ती वारंवारता नोंदवा. लांबी मीटरमध्ये आणि वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये घेऊन दोहोंचा गुणाकार करा, त्याला चाराने गुणून २९९.८ ने भागा, की वेग गुणक मिळाला. व्हीएनए नसेल तरी साध्या सिग्नल जनरेटरवर आणि जुन्या ऑसिलोस्कोपवर हे जमते, कारण पाच मीटरसाठी ही वारंवारता दहा-बारा मेगाहर्ट्झच्या आसपासच येते.

मी हे एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण मागे माळ्यावर पडलेल्या जुन्या टीव्ही केबलच्या वेटोळ्यातून मी असाच तुकडा कापला होता. वरची छपाई पुसली गेली होती. नेहमीच्या फोमच्या आरजी-६चा वेग गुणक ०.८२ धरतात, म्हणून मीही तोच धरून ४२ सेंटीमीटर कापले. नंतर सोलून पाहिले तर आत फोम नव्हता, भरीव पॉलिथिन होते. त्याचा वेग गुणक ०.६६, म्हणून माझा ९० अंशांचा तुकडा प्रत्यक्षात सुमारे ११२ अंशांचा झाला होता. त्या केबलचा तुकडा ३४ सेंटीमीटरला हवा होता.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातली. डिशसाठी मिळणाऱ्या बऱ्याच आरजी-६ केबलींची जाळी ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर साधे शिसे धरत नाही. वरवर चिकटल्यासारखे दिसते, दोन महिन्यांनी हलवले की सुटते. एफ-कनेक्टर दाबून बसवा किंवा तांब्याची जाळी असलेली केबल दुकानात मागून घ्या.

पंचगंगाकाठ

दोघांचेही आभार. एस-११च्या दोन खेपा लक्षात आल्यावर आठवडाभराचा मनस्ताप एका वाक्यात निकालात निघाला.

दादांच्या पद्धतीने पाच मीटरच्या केबलवर पहिली शॉर्ट १२.४४ मेगाहर्ट्झवर मिळाली, म्हणजे वेग गुणक ०.८३. १४५.८ मेगाहर्ट्झला मोकळ्या हवेतील पाव तरंगलांबी ५१.४ सेंटीमीटर होते, तिला ०.८३ ने गुणून ४२.७ सेंटीमीटर कापले. नंतर सरांच्या पद्धतीने आरपार मोजले, तर फेज उणे ९० आणि काही दशांश आली. दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आल्यामुळे तुकडा बरोबर आहे अशी माझी खात्री झाली. एक गोष्ट खटकली ती अशी की या एवढ्याशा तुकड्यात ०.७ डेसिबल घट दिसते. तेवढी घट तर काही मीटर केबलमध्ये यायला हवी.

मूळ दुखणे मात्र अजून पूर्ण बरे झालेले नाही. तुकडा जोडून पुन्हा दांडा फिरवला, तर फरक आठ डेसिबलवरून पाचवर आला आणि तिथेच अडला. ९० अंशांचा तुकडा लावूनही ९० अंश मिळत नसतील तर ते ९० अंश जातात कुठे?

गच्चीवरचा

तुकडा दोन-तीन मिलिमीटरने कमी करून पाहा. माझ्या अनुभवात या कामात मिलिमीटरला फार महत्त्व असते.

प्रयोगवही

या केबलमध्ये एक अंश म्हणजे ४.७ मिलिमीटर. तीन मिलिमीटर कापून एक अंशही हलणार नाही. पाच डेसिबलचा फरक यायला प्रवाहांमधील अंतर ६० अंशांच्या आसपास असावे लागते. म्हणजे हरवलेले तीस अंश हवेत, आणि तेवढ्यासाठी केबल चौदा सेंटीमीटरने चुकलेली असायला हवी. तशी ती चुकलेली नाही, हे तुम्ही दोन रीतींनी मोजलेच आहे. उलट बाजूने पाहिले तर केबल दहा अंशांनी, म्हणजे तब्बल पावणेपाच सेंटीमीटरने चुकली तरी ध्रुवीकरण दीड डेसिबलनेच बिघडते. म्हणून या तुकड्याच्या बाबतीत मिलिमीटरची चिंता मनातून काढून टाकावी.

डायपोलची लांबी टोकापासून टोकापर्यंत किती आहे आणि ती कशी ठरवली?

पंचगंगाकाठ

सहा मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियम नळ्या आहेत. दोन्ही डायपोल १०२.८ सेंटीमीटरचे. १५० भागिले १४५.८ असा सरळ हिशेब केला.

प्रयोगवही

तीस अंश तिथे आहेत.

केबलच्या तुकड्याची "फेज" म्हणून आपण जे मोजतो ते तुकड्याच्या दोन टोकांमधील नाते असते, तेही यंत्राने दिलेल्या ५० ओहमच्या शुद्ध रोधाशी जोडलेले असताना. अँटेनात आपल्याला हवे असते दुसरेच: एका डायपोलमधील प्रवाह आणि दुसऱ्या डायपोलमधील प्रवाह यांच्यातील अंतर. या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण गृहीत धरतो, आणि डायपोल शुद्ध रोधासारखे वागतात तोवर ते गृहीतक खपूनही जाते.

पाव तरंगलांबीच्या केबलचा एक विलक्षण गुण आहे. तिच्या सुरुवातीला जो दाब (व्होल्टेज) असतो तो तिच्या शेवटच्या टोकाचा प्रवाह ठरवतो. तो प्रवाह म्हणजे दाब भागिले केबलचा संरोध (इम्पीडन्स, इथे ७५ ओहम), आणि त्या दाबाच्या बरोबर ९० अंश मागे. टोकाला काहीही जोडलेले असो, ७३ ओहम असो वा त्यात भलतासलता प्रतिघात (रिॲक्टन्स, प्रवाहाला दाबाच्या मागेपुढे ओढणारा अडथळा) मिसळलेला असो, घट नगण्य असेल तर हे नाते बदलत नाही. म्हणजे तुमच्या दुसऱ्या डायपोलमधील प्रवाह जोडणीच्या ठिकाणच्या दाबामागे नेमका ९० अंश आहे. केबलने आपले काम चोख केले आहे.

पहिला डायपोल त्याच दाबाला थेट जोडलेला आहे. त्यातील प्रवाह मात्र त्या डायपोलच्या स्वतःच्या संरोधावर ठरतो. नेमक्या अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा संरोध सुमारे ७३ ओहम रोध आणि त्यावर सुमारे ४२ ओहम प्रेरकीय प्रतिघात असा असतो. हा प्रतिघात पहिल्या प्रवाहालाही दाबाच्या ३० अंश मागे ओढतो. एक प्रवाह ३० अंश मागे, दुसरा ९० अंश मागे. दोहोंतील अंतर उरले ६०. प्रवाहांची तीव्रताही थोडी विषम होते आणि फरक पाच डेसिबलच्या जवळ जातो. तुमच्या दांड्याने तेच दाखवले.

उपाय केबलीत नाही, नळीत आहे. डायपोलचा प्रतिघात शून्य व्हायला हवा, आणि तो अर्ध्या तरंगलांबीहून चार-सहा टक्के कमी लांबीला होतो. तुमच्या बाबतीत अंदाजे ९७ सेंटीमीटरला. एका वेळी एकच डायपोल यंत्राला जोडा, दुसरा सोडून ठेवा, दोन्ही बाजूंनी सारखेच कापा आणि १४५.८ वर प्रतिघात शून्य दिसेपर्यंत थांबू नका. तुम्ही कॅलिब्रेशन कनेक्टरवर केले असेल तर डायपोलपर्यंतची केबल त्यातून वजा करायला विसरू नका. नाहीतर मधल्या केबलने फिरवलेला संरोध तुम्ही डायपोलचा समजून बसाल.

०.७ डेसिबलचे उत्तर सोपे आहे. ७५ ओहमची केबल ५० ओहमच्या यंत्रात अडकवल्यामुळे काही भाग परावर्तित होतो. ९० अंशांच्या तुकड्यासाठी तो हिशेब नेमका ०.७ डेसिबलच येतो. केबलमध्ये काही जळत नाही. याच विजोडपणामुळे फेजचे वाचनही ९० अंश सोडून इतरत्र थोडे चुकते, उदाहरणार्थ ४५ अंशांचा तुकडा ४७ दाखवतो. पण ९० अंशांवर ते सुदैवाने अचूक असते.

नवशिकी

सर, माझ्याकडे ५० ओहमची आरजी-५८ केबल पुष्कळ पडून आहे. डायपोल नीट कापले आणि ९० अंशांचा तुकडा त्या केबलचा केला तर चालेल का? तुम्ही म्हणता तसे कलांतर तर टोकाला काहीही असले तरी ९० अंशच राहील.

दोनमीटर

कलांतर राहील, पण तीव्रता बिघडेल. सरांच्याच सूत्रात पाहा: दुसऱ्या डायपोलचा प्रवाह दाब भागिले ५० आणि पहिल्याचा दाब भागिले ७३. दुसरा जवळजवळ दीडपट झाला, म्हणजे कलांतर परिपूर्ण असूनही ३.३ डेसिबलचा लंबगोल. ७५ ओहमची केबल इथे सवयीने नव्हे, डायपोलच्या ७३ ओहमशी जुळते म्हणून घेतात. तुमची आरजी-५८ खाली रेडिओकडे जाणाऱ्या मुख्य केबलसाठी वापरा. तिथे दोन्ही शाखा समांतर येऊन सुमारे ३७ ओहम होतात आणि ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर (विजोडपणाचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.३ च्या आसपास राहतो, तो खुशाल सोडून द्यावा.

या निमित्ताने एक गंमत. डायपोलचा प्रतिघात प्रवाहाला मागेपुढे ओढतो हा इथे दोष ठरला, पण त्याचाच उपयोग करून केबलशिवायही टर्नस्टाइल करता येतो. एक डायपोल लांब ठेवायचा, म्हणजे त्याचा प्रवाह ४५ अंश मागे जातो, आणि दुसरा आखूड, म्हणजे त्याचा ४५ अंश पुढे. अंतर ९० अंश, दोन्ही एकाच ठिकाणी जोडलेले, आणि कागदावर एकत्र संरोध पुन्हा ७३ ओहम. केबल नसल्याने वेग गुणकाची भानगड नाही. मात्र लांबीत चूक झाली तर माफी नाही.

पंचगंगाकाठ

रविवारी सकाळी डायपोल कापले. ९६.६ सेंटीमीटरवर दोन्हींचा प्रतिघात शून्याच्या आसपास आला. कापण्याआधी १०२.८ सेंटीमीटरला काय दिसते हे मुद्दाम नोंदवून ठेवले होते: रोध सत्तरच्या घरात आणि प्रतिघात चाळीसच्या थोडा पुढे, अगदी सरांनी न पाहता सांगितले तसे.

पुन्हा जोडणी करून दांडा फिरवला. फरक दोन डेसिबलच्या आत आला. समाधान झाले, पण गच्चीवरची पाण्याची टाकी आणि लोखंडी जिना यांच्या परावर्तनाचा त्यात वाटा किती हे कळेना, म्हणून प्रवाहांचे कलांतर थेट मोजण्याचा घाट घातला. जुन्या केबलचे तीन सेंटीमीटर व्यासाचे एक छोटे कडे केले, त्याची जाळी वरच्या बाजूला एका ठिकाणी कापून ठेवली आणि ते नॅनोव्हीएनएच्या दुसऱ्या तोंडाला जोडले. पहिल्या तोंडातून अँटेनाला संदेश दिला. कडे आधी एका डायपोलच्या मध्याजवळ, नळीपासून ठरावीक अंतरावर धरून एस-२१ची फेज नोंदवली, मग दुसऱ्याच्या मध्याजवळ अगदी त्याच अंतरावर. दोन वाचनांमधील फरक म्हणजेच प्रवाहांमधील फरक. हाताने धरले तेव्हा वाचने दर वेळी पाच-सात अंशांनी नाचली. कडे लाकडी पट्टीला खिळवून मी स्वतः बाजूला झाल्यावर ती स्थिर झाली. फरक ८६ अंश आला.

मध्येच एक घोळ झाला तोही सांगतो. एका वाचनात फरक उणे ९४ दिसला आणि माझ्या छातीत धस्स झाले. दुसऱ्या डायपोलवर कडे उलट तोंडाने धरले होते, त्यामुळे १८० अंशांची भर पडली होती. कड्याच्या एका बाजूला आता लाल रंगाचा ठिपका दिला आहे.

उद्यमनगरी

उत्तम झाले. आता पावसाळ्याचा विचार करा. आपल्याकडे जूनपासून चार महिने केबलला श्वास घ्यायला सवड मिळत नाही. फोमच्या केबलचे टोक उघडे राहिले तर पाणी जाळीतून आत झिरपते, आणि पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास असल्याने फोममध्ये थोडे जरी साचले तरी वेग गुणक आणि घट दोन्ही बदलतात. तुमचे ४२.७ सेंटीमीटर मग ९० अंशांचे राहणार नाहीत. दोन्ही टोके सेल्फ-ॲमल्गमेटिंग टेपने गुंडाळा, त्यावर साधा टेप, आणि केबल डबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून जाईल. जोडणीच्या डबीला तळाशी बारीक भोक ठेवा. पूर्ण बंद डबीत आतली वाफच पाणी होते.

डबीच्या लगेच खाली मुख्य केबलवर फेराइटचे चार-पाच मणी ओवलेत तर आणखी बरे. नाहीतर जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहतो, केबल स्वतःच तिसरा डायपोल होऊन बसते आणि मग केबल हलवली की सगळी मोजमापे हलतात.

गच्चीवरचा

मिलिमीटरचे माझे म्हणणे मागे घेतो. एकच शंका. हाच अँटेना १३७.९ मेगाहर्ट्झवरच्या मेटिओर हवामान उपग्रहासाठी वापरता येईल का? अंतर तर साडेपाच टक्क्यांचेच आहे.

प्रयोगवही

केबलच्या दृष्टीने चालेल. ४२.७ सेंटीमीटरचा तुकडा त्या वारंवारतेवर ८५ अंशांचा होतो, आणि पाच अंशांनी पाऊण डेसिबलच बिघडते. पण डायपोल तिथे आखूड पडतील, त्यांचा प्रतिघात आता उलट बाजूचा होईल आणि पहिल्या डायपोलचा प्रवाह सुमारे तीस अंश पुढे जाईल. अंतर ६० ऐवजी १२० अंशांच्या घरात जाईल, लंबगोल मात्र पुन्हा तेवढाच चपटा. म्हणून नळ्या १०२ सेंटीमीटरच्या आसपास नव्याने कापाव्या लागतील, आणि केबल हवी तर ४५ सेंटीमीटरची करावी.

शिवाय मेटिओरची लहर उजव्या फिरतीची असते. अंतराळ स्थानकाच्या बाबतीत फिरत उजवी की डावी याने फारसे बिघडत नाही, इथे मात्र उलटी झाली तर माथ्यावरचा संदेशच नाहीसा होईल. तसे आढळले तर एकाच डायपोलच्या दोन तारांची अदलाबदल करावी. फिरत उलटते आणि कलांतर पुन्हा मोजावे लागत नाही.

पंचगंगाकाठ

पंचगंगाकाठावरच्या या गच्चीवर १०२.८ सेंटीमीटरच्या नळ्या कालपरवापर्यंत होत्या, त्या कापून बसलो. गच्चीवरचा यांनी ही शंका एक आठवडा आधी विचारली असती तर बरे झाले असते. उरलेल्या टोकांना आतून बसतील असे पाच-सहा सेंटीमीटरचे सरकते तुकडे उद्यमनगरात कुणी लेथवर करून देईल का?

उद्यमनगरी

नळीचा एक नमुना घेऊन शनिवारी या. आतला व्यास मोजल्याशिवाय काही सांगता येणार नाही.